आमदारांचा निधि आणि आपलें मागणें
(मंडळाच्या वार्षिक अधिवेशनांत सकाळच्या बैठकीस झालेल्या भाषणाचा मजकूर)



लोकप्रतिनिधि आणि समाजकार्यासाठीं मिळणारा सरकारी निधि, असा विषय आम्हांस नेमून दिला आहे. कार्यक्रमपत्रिकेंत तो भोजनाच्या बराच आधीं ठेवला, याबद्दल संयोजकांचे आभार मानतों. भोजनानंतर निधीची भाषा कोणाच्या कानांत शिरत नाहीं. आजच हा विषय कां, हें आपण जाणतांच. दुपारच्या बैठकींत लातूर येथील आपल्या जागेचा ठराव यावयाचा आहे. त्या जागेवर आमदारनिधींतून सभागृह मागावें, असें ठरावांत म्हटलें आहे. आम्ही केवळ माहिती देण्यास उभे आहोंत असें म्हटलें तर तें खोटें ठरेल. आमचें या बाबतींत मत आहे, आणि तें आम्ही शेवटीं सांगणार आहोंत. पण मत ऐकण्यापूर्वीं हा पैसा कोठून निघतो व कोणत्या वाटेनें येतो, हें आपण समजून घ्यावें अशी विनंति आहे.

गांवोगांव आपण पाट्या वाचतों. रस्त्याच्या कडेला, समाजमंदिराच्या दारावर, व्यायामशाळेच्या भिंतीवर लिहिलेलें असतें, 'अमुक आमदार यांच्या स्थानिक विकास निधींतून'. ती पाटी वाचून आपला असा ग्रह होतो कीं, आमदारांच्या घरीं एक तिजोरी आहे, तिची किल्ली त्यांच्या कमरेला आहे, आणि आपल्यावर लोभ असला तर ते ती उघडतात. या ग्रहानें आपलें आजवर पुष्कळ नुकसान केलें आहे. त्या पैशाला आमदार हातहि लावीत नाहींत. ते जिल्हाधिकाऱ्यांस पत्र लिहून काम सुचवितात. तें काम नियमांत बसतें कीं नाहीं, हें जिल्हा नियोजन कार्यालय पाहतें. सार्वजनिक बांधकाम खातें, जिल्हा परिषद, नगरपरिषद यांपैकीं ज्या यंत्रणेकडे काम सोपवावयाचें, तिच्याकडून अंदाजपत्रक येतें. मग तांत्रिक मान्यता, मग जिल्हाधिकाऱ्यांची प्रशासकीय मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. पैसा जातो तो काम करणाऱ्या यंत्रणेकडे. आमदारांचा अधिकार शिफारशीचा. तो लहान आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण तो शिफारशीचाच आहे.

हें ज्ञान आम्हांस पुस्तकांतून झालेलें नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं लातूर जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं आपल्या शाखेनें सभागृह मागितलें होतें. त्या शाखेचे चिटणीस आम्हीच होतों. शिष्टमंडळ घेऊन आमदारांकडे गेलों. शाल, श्रीफळ, फेटा, सर्व यथासांग झालें, आणि त्यांनीं त्याच बैठकींत शिफारसपत्र हातीं दिलें. त्या पत्राचें छायाचित्र आम्हीं घरोघर पाठविलें. दोघां वडीलधाऱ्यांनीं तर भूमिपूजनाचा मुहूर्तहि काढून ठेवला. चार महिन्यांनीं जिल्ह्याहून विचारणा आली कीं, जागा कोणाच्या नांवें आहे? आम्हीं उतारा काढला. जागा सार्वजनिक संस्थेच्या नांवें तर नव्हतीच; ती आपल्या मंडळाच्या नांवेंहि नव्हती. ज्या कैलासवासी गृहस्थांनीं ती समाजाला दिली, त्यांच्या वारसांचीं नांवें सातबाऱ्यावर जशींच्या तशीं होतीं. दान झालें होतें तें साध्या कागदावर. नोंदणी कोणी केलीच नव्हती. वारसांपैकीं एक पुण्यास, एक हैदराबादेस. सह्या गोळा करतां करतां मार्च संपला, आणि तो निधि त्याच मतदारसंघांतील दुसऱ्या एका गांवच्या शाळाखोल्यांकडे गेला. आमदारांनीं दगा दिला असें समाजांत बोललें जाऊं लागलें, आणि आम्हीं तें बोलणें थांबविलें नाहीं. ही आमची चूक आज या व्यासपीठावरून मान्य करतों. दगा कोणी दिला नव्हता. आमच्याजवळ कागद नव्हता.

आमदारांच्या हातीं असा निधि पहिल्यापासून होता, असेंहि नाहीं. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवटींतून मुक्त झाला. १९५२ च्या पहिल्या निवडणुकींत आपले प्रतिनिधि हैदराबादच्या विधानसभेंत जाऊन बसले. पुढें १ नोव्हेंबर १९५६ रोजीं आपण मुंबई राज्यांत आलों आणि आपलीं गाऱ्हाणीं मुंबईस जाऊं लागलीं. त्या काळच्या आमदाराजवळ वांटावयास एक रुपयाहि नव्हता. त्याच्याजवळ होते प्रश्न, अर्थसंकल्पावरील भाषण, कपातसूचना, आणि मंत्र्यांच्या दालनाबाहेर तिष्ठत बसण्याची चिकाटी. कंधारचे केशवराव धोंडगे आपल्या वडील पिढीस सांगावयास नकोत. शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजे विरोधी बाकांवरचे गृहस्थ. तरी कंधारच्या मुलखाचें गाऱ्हाणें त्यांनीं सभागृहांत वर्षानुवर्षें मांडलें, आणि तें न ऐकण्याची सोय सरकारास ठेविली नाहीं. शंकरराव चव्हाण नांदेडच्या नगराध्यक्षपदावरून पुढें राज्याच्या मंत्रिमंडळांत गेले, आणि पाटबंधाऱ्यांचा विषय त्यांनीं जो धरला तो सोडला नाहीं. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्तें १९६५ सालीं झाली आणि उद्घाटन इंदिरा गांधींच्या हस्तें १९७६ सालीं. मध्यें अकरा वर्षें गेलीं. नांदेडशेजारीं विष्णुपुरी येथें गोदावरीचें पाणी उपसून शेतीला देणारी योजना आहे. तिच्या जलाशयाला शंकरसागर हें नांव आहे तें उगाच नव्हे. आज नांदेड शहर जें पाणी पितें, तेंहि मुख्यतः त्याच जलाशयाचें. हीं कामें कोणाच्या स्थानिक निधींतून झालेलीं नाहींत. तीं अर्थसंकल्पांत घालून घ्यावीं लागलीं, आणि एकदां घातल्यावर दरवर्षीं राखावीं लागलीं.

१९८४ हें वर्ष या दृष्टीनें मोठें विचित्र आहे. प्रादेशिक असमतोलाची मोजदाद करण्यास नेमलेल्या प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीचा अहवाल त्या वर्षीं आला. राज्याचा अनुशेष तिनें सुमारें ३,१८६ कोटी रुपयांचा काढला. त्यांत मराठवाड्याचा वांटा सुमारें ७५० कोटींचा. आणि त्याच १९८४-८५ सालापासून आमदारांस आपापल्या मतदारसंघांत कामें सुचविण्यासाठीं स्थानिक विकास निधि मिळूं लागला. अनुशेषाचें पुढें काय झालें, किती भरला, किती वाढला, हा हिशोब आपल्यापैकीं किती जणांनीं ठेवला? त्यासाठीं १९९४ सालीं मराठवाड्याचें वैधानिक विकास मंडळ स्थापन झालें. ३० एप्रिल २०२० रोजीं त्याची मुदत संपली, आणि त्या दिवशीं आपल्या एकाहि शाखेनें साधें निषेधाचें पत्र पाठविल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. पण त्याच सालीं आमदारनिधि दोन कोटींवरून तीन कोटींवर गेला, ही बातमी मात्र आपल्याकडे त्याच संध्याकाळीं पोंचली होती.

पुढें तो चार कोटी झाला आणि २०२२ च्या अर्थसंकल्पानें पांच कोटी. विधानपरिषदेच्या सदस्यांनाहि तो असतो, हें येथें मुद्दाम सांगतों. पदवीधर व शिक्षक मतदारसंघांच्या प्रतिनिधींकडे आपली मंडळी क्वचितच जातात. आतां पांच कोटी ही रक्कम ऐकावयास मोठी आहे. नांदेड जिल्ह्यांत विधानसभेचे नऊ मतदारसंघ, लातूर जिल्ह्यांत सहा. पंधरा मतदारसंघांचे मिळून वर्षाला पंचाहत्तर कोटी. पण एका ग्रामीण मतदारसंघांत केवळ दीडशें गांवें धरलीं, तरी एका गांवाच्या वांट्याला येतात सुमारें तीन लाख तेहतीस हजार. त्यांत वाड्या आल्या, तांडे आले, आणि प्रत्येक गांवांतील प्रत्येक समाजाचें स्वतंत्र सभागृहाचें मागणें आलें. जिल्ह्यांतील सर्व ज्ञातींनीं मनांत आणलें, तर पांच कोटी एका मार्गशीर्षांत संपतील. आमदारांच्या दारांत सकाळीं सात वाजतां दिसणारी गर्दी पाहिली, कीं त्यांचीहि थोडी दया येते.

ज्यास खरोखर कांहीं मोठें करून घ्यावयाचें आहे, त्यानें इतर वाटा जाणून घेतल्या पाहिजेत. पहिली जिल्हा वार्षिक योजनेची. पालकमंत्री हे जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष असतात, जिल्हाधिकारी सदस्य-सचिव; त्या बैठकीस आमदार-खासदार उपस्थित असतात, आणि जिल्ह्याची वर्षाची विभागणी तेथें ठरते. त्या बैठकीपूर्वीं आपलें टिपण आमदारांच्या हातांत असेल, तर त्यांस तेथें बोलतां येतें. बैठक होऊन गेल्यावर पुष्पगुच्छ घेऊन जाण्यांत अर्थ नाहीं. दुसरी वाट ग्रामविकास खात्याची. ग्रामपंचायतींतले लोक जिला 'पंचवीस-पंधरा' म्हणतात, ती हीच; २५१५ या लेखाशीर्षाखालीं लोकप्रतिनिधींनीं सुचविलेल्या गांवांतील मूलभूत सोयींच्या कामांस राज्याकडून निधि येतो. अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठीं निराळी योजना आहे, तांड्यांसाठीं वसंतराव नाईक यांच्या नांवाची निराळी. आणि तिसरी, सर्वांत रुंद वाट म्हणजे राज्याचा अर्थसंकल्प व अधिवेशनांत येणाऱ्या पुरवणी मागण्या. मोठा रस्ता, पूल, शासकीय वसतिगृह, रुग्णालय हीं कामें तेथेंच लागतात. ज्या आमदारांस खात्याचा सचिव नांवानें ओळखतो, ज्यांचा तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना सभागृहांत टाळतां येत नाहीं, त्यांचीं कामें त्या पुस्तकांत येतात. आमदारांस मत देतांना ते लग्नास आले होते कीं नाहीं हें आपण पाहतों. अधिवेशनांत त्यांनीं काय विचारलें, हें पाहत नाहीं.

मंजुरी म्हणजे काम नव्हे, हेंहि सांगून ठेवतों. २०२२ सालीं राज्यांत सरकार बदललें, तेव्हां आधींच्या सरकारनें मंजूर केलेल्या, पण सुरू न झालेल्या अनेक कामांस स्थगिती मिळाली. कांहीं प्रकरणें उच्च न्यायालयापर्यंत गेलीं. कार्यारंभ आदेश हातीं येऊन कुदळ पडेपर्यंत सत्कार करूं नये, असा आमचा आतां नियम आहे. आणि काम सुरू झाल्यावर सिमेंट कोणत्या प्रमाणांत पडतें, हें पाहावयास कोणीतरी उभें राहिलें पाहिजे. टक्केवारीच्या गोष्टी आपण ओट्यावर बसून करतों. मोजमापाच्या दिवशीं मात्र तेथें कोणी नसतें.

आतां मुद्द्याकडे येतों. सार्वजनिक निधींतून जें बांधलें जातें तें सार्वजनिक असतें. मंदिर-मठाच्या आवारांत तें बांधतां येत नाहीं. जागा सामान्यतः शासनाची किंवा ग्रामपंचायत-नगरपरिषदेची लागते, आणि बांधून झाल्यावर वास्तु त्या संस्थेच्या दप्तरीं जाते. देखभालहि तिनेंच करावयाची. हे नियम कोणी आपल्यावर खुन्नस धरून केलेले नाहींत. तो पैसा विक्रीकर-वस्तुकर भरणाऱ्या प्रत्येक माणसाचा आहे. त्यांत आपल्या शेजारच्या वस्तींतल्या मोलकरणीनें काड्यापेटीवर भरलेला कर आहे.

नांदेड जिल्ह्यांतील एका गांवीं आम्हीं जें पाहिलें तें सांगतों; गांवाचें नांव सांगत नाहीं, कारण तेथील मंडळी या सभेंत बसली आहेत आणि त्यांनीं पुढें जें केलें तें चांगलें केलें. निधींतून सभागृह झालें. ज्ञातीचें नांव मोठ्या अक्षरांत दारावर आलें आणि किल्ली आपल्या एका कुटुंबाच्या खुंटीला लागली. पुढच्या वैशाखांत दुसऱ्या समाजांतील एका विधवा बाईच्या मुलीचें लग्न होतें. अवकाळी पाऊस आला, मांडव भिजला, आणि त्या बाई किल्ली मागावयास आल्या. किल्ली मिळाली नाहीं. त्यांनीं भांडण केलें नाहीं. त्या इतकेंच म्हणाल्या, "दादा, घर सरकारच्या पैशाचें, मग कुलूप तुमचें कसें?" वऱ्हाड शाळेच्या व्हरांड्यांत जेवलें. हें ग्रामसभेंत निघालें, ग्रामपंचायतीनें किल्ली ताब्यांत घेतली, आणि कांहीं दिवस दोन वस्त्यांत बोलणें बंद राहिलें. आतां तेथें कोणाचेंहि कार्य होतें आणि नाममात्र भाडें पंचायतींत जमा होतें. पण त्या पावसांत आपल्या ज्ञातीचें नांव त्या दारावर होतें, हें आम्ही विसरूं शकत नाहीं.

कोणी म्हणेल, राजर्षि शाहू महाराजांनीं ज्ञातींच्या वसतिगृहांस मदत केलीच होती. केली होती. १९०१ सालीं कोल्हापुरांत व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें. त्यामागून जैन, लिंगायत, मुसलमान अशा निरनिराळ्या समाजांचीं वसतिगृहें उभीं राहिलीं, आणि महाराजांनीं त्यांस जागा व अनुदानें दिलीं. पण महाराजांनीं मदत कशाला केली, हें पाहा. त्यांनीं खेड्यांतल्या मुलाच्या निवाऱ्याला आणि जेवणाला पैसा दिला, कारण तो मुलगा निवाऱ्यावांचून शाळा सोडून घरीं जाणार होता. वर्षांतून दहा लग्नें आणि एक स्नेहसंमेलन होणाऱ्या सभागृहाची तुलना त्याशीं करतां येणार नाहीं.

लातूरची स्थिति आपण जाणतां. दयानंद आणि राजर्षि शाहू महाविद्यालयांपासून ज्या अध्यापनपद्धतीला 'लातूर पॅटर्न' हें नांव पडलें, तिच्या लौकिकामुळें दहावी झालेलीं मुलें जूनमध्यें या शहरांत लोटतात. मुखेड, देगलूर, कंधार, अहमदपूर, जळकोट, निलंगा, कोठून कोठून येतात. मुलगा असेल तर तो चार मित्रांत एक खोली करून राहतो, खानावळीचा डबा लावतो. मुलगी असेल तर बाप दहा घरें पाहतो, भाडें ऐकतो, आणि गांवच्याच कनिष्ठ महाविद्यालयांत नांव घालतो. मागील तीन वर्षांत गुणवंतांच्या सत्कारासाठीं आम्हीं यादी केली, तेव्हां दहावीच्या यादींत मुली अधिक होत्या आणि बारावीच्या यादींत त्यांतल्या कित्येकांचीं नांवें पुन्हां आलींच नाहींत. त्या कोठें गेल्या, हें आम्हीं घरोघर विचारलें. दोघींचीं लग्नें झालीं होतीं. एकीनें सांगितलें कीं, खोली मिळाली नाहीं. तिचे वडील आज या सभेंत आहेत. त्यांस दोष देण्यासाठीं आम्ही हें सांगत नाहीं.

म्हणून आमचें मत असें कीं, लातूरची आपली जागा मंडळाच्याच नांवें राहूं द्यावी आणि तिच्यावर मुलींचें वसतिगृह आपण आपल्या वर्गणीनें बांधावें; एकदम तीन मजले नको, आधीं आठ खोल्या. त्याची किल्ली आपली, नियम आपले. आणि आमदारांकडे सभागृह मागूं नये. जागेला लागून जो महापालिकेचा खुला भूखंड आहे, त्यावर सार्वजनिक अभ्यासिका मागावी; सर्व जातींच्या मुलामुलींस खुली, पहांटे पांचला उघडणारी. जागा महापालिकेची असल्यानें ज्या कागदावर आपण मागें अडखळलों, तो अडथळा येथें येत नाहीं. आपल्या मुली वसतिगृहांतून निघून पन्नास पावलांवर अभ्यासाला बसतील, आणि शेजारच्या वस्तींतल्या मुलीहि त्यांच्या बाजूला बसतील. असें मागणें घेऊन गेल्यास आमदारांनाहि शिफारस करणें सोपें जातें; एका ज्ञातीस दिलें म्हणून दुसऱ्या दहा ज्ञाती त्यांच्या दारांत उभ्या राहत नाहींत. मागणीच्या पत्रावर आपल्या मंडळाबरोबर त्या भागांतील इतर दोन-तीन समाजांच्या संस्थांच्या सह्या घ्याव्यात, असेंहि सुचवितों. त्यांपैकीं दोघांशीं आम्हीं बोलून ठेवलें आहे.

सभागृह नको म्हणणें कांहीं ज्येष्ठांस रुचणार नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. इतर समाजांचीं सभागृहें झालीं, आपलेंच नाहीं, ही खंत खरी आहे. लग्नाच्या दिवसांत मंगल कार्यालयांचे दर ऐकून आमचाहि जीव दडपतो. पण २०१६ च्या एप्रिलमध्यें मिरजेहून आगगाडीनें लातूरला पाणी आणावें लागलें, तेव्हां याच शहरांत कितीतरी सभागृहें होतीं. त्या दिवसांत कळशी घेऊन रांगेंत उभ्या राहिलेल्या बायकांनीं पुढारी मंडळींस काय विचारलें असेल, तें आपण आपापल्या घरीं विचारून पाहावें.

जागेचा उतारा, मोजणीचा नकाशा, शेजारच्या भूखंडाची महापालिकेकडील नोंद आणि दोन्ही मागण्यांचे कच्चे मसुदे बाहेर वर्गणीच्या टेबलावर ठेवले आहेत. भोजनापूर्वीं ते डोळ्यांखालून घालावेत. बैठक अडीच वाजतां सुरू होईल. एक विनंति आहे, अध्यक्षमहाराजांच्या अनुमतीनें. चर्चेच्या वेळीं भगिनी मागच्या रांगांत बसतात आणि त्यांची पाळी येईपर्यंत बसगाडीची वेळ होते. आज प्रथम त्यांना बोलूं द्यावें.